ओक, बांज आणि मायफळ: सदाहरित ओकच्या लाकडाविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला आमचा लाकूडकामाचा छोटा कारखाना आहे. आजोबा सागाचं काम करायचे, वडिलांनी तेच केलं, मीही बहुतेक तेच करतो. पण अलीकडे गिऱ्हाईक आलं की आधी मोबाइल पुढे करतं आणि म्हणतं, "भिया, अगदी असंच हवं. ओकचं." मी विचारतो, कुठला ओक? मग जे बोलणं सुरू होतं ते दोन चहा झाले तरी संपत नाही. त्यातून "बारा महिने हिरवा राहणारा ओक असतो म्हणे, तो जास्त टिकाऊ ना?" असं कुणी विचारलं की तिसरा चहा मागवावा लागतो. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

ओकला मराठीत काय म्हणतात?

मराठीत त्याला शब्दच नाही, आणि नसण्याला कारण आहे. ओकच्या शेकडो जाती उत्तर गोलार्धात पसरलेल्या आहेत, पण भारतात त्या हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांतच सापडतात. सह्याद्री, सातपुडा, विंध्य, यांतल्या एकाही डोंगरात ओक आपणहून उगवत नाही. जे झाड कधी डोळ्यांनी पाहिलं नाही त्याचं बारसं आपले पूर्वज कशाला करतील? कुमाऊं-गढवालकडे मात्र नावांची रेलचेल आहे: बांज, तिलौंज किंवा मोरू, खरसू, फलियांट. हे सगळे ओकच, आणि सगळे सदाहरित.

ओळखायची खूण एकच, त्याचं फळ. छोट्या वाटीत सुपारी उभी करून ठेवल्यासारखं दिसतं. पानांवर भरवसा ठेवू नका. युरोपातल्या ओकचं पान नागमोडी कडेचं असतं, बांजचं करवतीच्या दातांसारखं, तर अमेरिकेतल्या लाइव्ह ओकचं साधं लांबुळकं. वाटी आणि सुपारी मात्र सगळीकडे आहे.

सदाहरित म्हणजे त्याची पानं कधी गळतच नाहीत का?

गळतात, पण सगळी एकदम नाही. उन्हाळ्यात सिमरोळच्या घाटातून जाताना पाहा. साग उघडा पडलेला असतो आणि मधूनच एखादं आंब्याचं झाड हिरवंगार. आंब्याची पानं अमर नसतात, नवी आल्यावर जुनी जातात एवढंच. बांजचंही तसंच आहे. मार्च-एप्रिलमध्ये कोवळी पालवी फुटते आणि त्याच सुमारास जुनी पानं खाली येतात. युरोपातला नेहमीचा ओक हिवाळ्यात सागासारखा बोडका होतो. फर्निचरच्या कॅटलॉगमध्ये दिसतो तो हा, पानगळीचा ओक.

सदाहरितांमध्ये जगभर नावाजलेले चार-पाच आहेत. भूमध्य समुद्राभोवतीचा होम ओक, त्याच भागातला कॉर्क ओक, अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचा लाइव्ह ओक, जपानचे काशी (हो, उच्चार काशीच, पण वाराणसीशी संबंध नाही), आणि आपला बांज.

म्हणजे आपल्या घरात ओक कधी आलाच नाही?

आला आहे, आणि तोही बाळाच्या पाळण्यापर्यंत. बाळगुटीतलं मायफळ आठवा. वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ यांच्याबरोबर सहाणेवर ज्याचा वेढा द्यायचा ते गोल, खडबडीत, तुरट. नावात फळ असलं तरी ते फळ नव्हे. पश्चिम आशियात ओकची एक झुडपासारखी जात आहे. तिच्या डहाळीत गांधीलमाशीच्या जातीतला एक इवलासा किडा अंडं घालतो, झाड त्याभोवती गाठ वाढवतं आणि अळी त्या गाठीत मोठी होते. मायफळाला कधी कधी बारीक भोक दिसतं, ते किडा बाहेर पडल्याचं. भोक नसलेलं मायफळ जास्त तुरट लागतं. ही जात पुरती सदाहरित नाही, अर्धीमुर्धी म्हणा, पण ओकच.

झाडाला मराठी नाव नाही आणि त्याच्या अंगावरच्या गाठीला आहे, ही गंमत मला फार आवडते. मालाबरोबर जे आलं त्याला नाव मिळालं, जंगलात राहिलं त्याला नाही. (गुटी द्यावी का, हे मला विचारू नका. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि आमच्या घरी या विषयावर आजी आणि सूनबाई यांच्यात झालेल्या चर्चेत मी तोंड उघडलं नव्हतं.)

मायफळात टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, ठासून भरलेलं असतं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे खिळ्यांपाशी तो पुन्हा येणार आहे.

सिल्व्हर ओक हा सदाहरित ओकच ना?

सदाहरित आहे, ओक नाही. हा घोळ इतका पक्का बसला आहे की एका मिस्त्रीने माझ्याशी पैज लावली होती. सिल्व्हर ओक हे ऑस्ट्रेलियातलं झाड. पानं नेच्यासारखी, खालून चंदेरी, फुलं केशरी-पिवळी, ब्रशसारखी. कुर्गच्या कॉफीत आणि निलगिरीच्या चहाच्या मळ्यात सावलीसाठी लावतात, त्याच्या खोडावर मिरीचे वेल चढवतात. मुंबईच्या राजकीय बातम्यांत ज्या बंगल्याचं नाव सारखं येतं, तेही याच झाडाचं. त्याचं लाकूड विशिष्ट दिशेने कापलं की ओकसारखी चमकदार चकत्यांची नक्षी दिसते, म्हणून गोऱ्या माणसांनी त्याला ओक म्हणून टाकलं. लाकूड हलकं आहे आणि स्वस्त आहे. खोक्यांना, प्लायला ठीक. त्याला ओकचा भाव देऊ नका.

आणि बुचाचं झाड? बूच म्हणजे कॉर्क, मग ते कॉर्क ओक असणार!

नाही. पांढरी, लांब दांड्याची, सुवासिक फुलं पहाटे ज्याच्याखाली सडा घालतात ते आपलं बुचाचं झाड म्हणजे आकाशनीम. त्याची साल बुचासारखी मऊ असते, साधी बुचं तिच्यापासून करता येतात, म्हणून ते नाव. खऱ्या बुचाचं झाड पोर्तुगाल, स्पेन आणि उत्तर आफ्रिकेत. त्याच्याबद्दल पुढे.

आमचं आडनाव ओक आहे. आमचं या झाडाशी काही नातं?

नाही हो. आवाज सारखा आहे, बाकी काही नाही. पण राजेंद्रनगरच्या एका ओककाकांनी केवळ या कारणासाठी ओकच्या लाकडाची नावाची पाटी करून मागितली, आणि मी ती करून दिली. माझ्या आयुष्यातलं ओकच्या लाकडाचं ते सर्वांत समाधानकारक काम.

सदाहरित ओकचं लाकूड सागापेक्षा मजबूत असतं का?

"मजबूत" या शब्दाची आधी फोड करू. लाकडाचा कठीणपणा मोजायची एक रीत आहे: लहानशी पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते बघायचं. सागाला साधारण १,०७० पाउंड लागतात. फर्निचरच्या व्हाइट ओकला १,३५० च्या आसपास. अमेरिकेच्या लाइव्ह ओकला २,६८० च्या घरात. म्हणजे सागाच्या अडीचपट. वजन म्हणाल तर वाळलेल्या सागाचा घनफूट अठरा-एकोणीस किलो भरतो, लाइव्ह ओकचा अठ्ठावीस. जवळपास पाण्याइतका जड.

एवढं ऐकून माणूस हरखतो आणि म्हणतो, मग दरवाजा याचाच करा. थांबा. लाकूड वाळताना आक्रसतं. ताज्या कापलेल्या फळीपासून पूर्ण कोरडी होईपर्यंत साग रुंदीत पाच टक्क्यांच्या आसपास आक्रसतो, लाइव्ह ओक साडेनऊ टक्के. एक फूट रुंदीची ओली फळी धरली तर सागात अर्ध्या इंचाहून थोडं जास्त, ओकमध्ये इंचभराहून जास्त. आणि हे सगळीकडे सारखं होत नाही, म्हणून फळी पिळते, वाकते, तडकते. आमच्या मालव्याची हवा मे महिन्यात पापड वाळवते आणि ऑगस्टमध्ये त्याच पापडाचं कापड करते. अशा हवेत जे लाकूड कमी हलतं तेच शहाणं. सागात नैसर्गिक तेलकटपणा आहे, तो कमी हलतो, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. सदाहरित ओक सागाहून कठीण खरा, पण स्वभावाने हट्टी.

दुसरी अडचण आकाराची. हे ओक सरळसोट वाढत नाहीत. लाइव्ह ओक बुटका असतो आणि त्याच्या फांद्या आडव्या, लांबवर पसरतात. डोंगरातला बांज चाऱ्यासाठी वर्षानुवर्षं छाटला गेल्यामुळे गाठींनी भरलेला. सहा फुटांची स्वच्छ, बिनगाठीची फळी निघणं म्हणजे लॉटरी. आणि रंध्याचं पातं दर अर्ध्या तासाने सहाणेवर न्यावं लागतं ते वेगळंच.

मग या लाकडाचा उपयोग तरी काय केला माणसाने?

जिथे मार खायचा, भार पेलायचा किंवा जळायचं, तिथे हे लाकूड लागलं. दिवाणखान्यात त्याला फारसं कुणी बसवलं नाही. गाड्यांची चाकं आणि आस, नांगर, कुऱ्हाडी-कुदळीचे दांडे, घाण्याचे भाग, मोगऱ्या, रंध्याचे ठोकळे, जहाजांचे सांगाडे आणि कोळसा.

यात सर्वांत मोठी गोष्ट जहाजांची आहे, आणि ती सांगायचा मोह मला आवरत नाही.

अमेरिकेने १७९४ साली आरमारासाठी सहा मोठ्या युद्धनौका बांधायचं ठरवलं. बाहेरच्या-आतल्या फळ्या पानगळीच्या व्हाइट ओकच्या, पण बरगड्या लाइव्ह ओकच्याच, असा हट्ट होता. जहाजाच्या बरगड्या वाकड्या असतात. सरळ लाकूड कापून वाक आणला तर धागे तुटतात आणि ताकद जाते. लाइव्ह ओकच्या फांद्या निसर्गतःच वाकड्या, म्हणजे हवा तो बाक आधीच तयार. सुतार लाकडी नमुने घेऊन जंगलात जायचे आणि नमुन्याला जुळणारी फांदी शोधायचे. फर्निचरवाल्याच्या दृष्टीने जो दोष, तोच जहाजवाल्याचा खजिना. हे लाकूड जॉर्जियाच्या दमट बेटांवरून आणलं गेलं. उत्तरेकडून गेलेले लाकूडतोडे मलेरियाने आडवे झाले, कुऱ्हाडींच्या धारा गेल्या, काम लांबलं.

त्या सहांपैकी 'कॉन्स्टिट्यूशन' १७९७ मध्ये बोस्टनला पाण्यात उतरली. १८१२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिशांच्या 'गेरिएर'शी तिची गाठ पडली, तेव्हा तोफेचे गोळे तिच्या अंगावर आपटून खाली पडू लागले. हिच्या बाजू लोखंडाच्या आहेत, असं कुणी खलाशी ओरडला म्हणतात. तेव्हापासून तिचं नाव 'ओल्ड आयर्नसाइड्स' पडलं. बाजूंत लोखंड नव्हतं, मधे सदाहरित ओक होता. ती नौका आजही बोस्टनच्या बंदरात तरंगते आहे.

पुढे १८२८ च्या सुमारास फ्लोरिडात पेन्साकोलाजवळ केवळ आरमारासाठी लाइव्ह ओकचं जंगल राखायला सुरुवात झाली. नंतर लोखंडी जहाजं आली आणि ते लाकूड कुणाला नकोसं झालं. पेन्साकोलाच्या गोदीत पाण्याखाली साठवून ठेवलेला लाइव्ह ओकचा साठा सुमारे पाऊणशे वर्षं तसाच पडून होता. १९२७ ते १९३१ मध्ये कॉन्स्टिट्यूशनची मोठी दुरुस्ती निघाली तेव्हा तो बाहेर काढून तिलाच लावला. लाकूड पाण्यात ठेवलं की कुजतं असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पूर्ण बुडालेलं लाकूड हवेअभावी टिकतं, कुजतं ते अर्धं ओलं अर्धं कोरडं असलेलं.

आता आपली बाजूही सांगतो. नेपोलियनच्या लढायांमुळे ब्रिटनमध्ये ओकचा तुटवडा पडला होता, म्हणून ब्रिटिश आरमाराने मुंबईत वाडियांच्या गोदीत मलबारी सागाच्या युद्धनौका बांधून घेतल्या. त्यांतली 'त्रिंकोमाली' १८१७ मध्ये मुंबईला पाण्यात गेली आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभी आहे, अजून तरंगती. तेव्हा ओक मोठा की साग, हे भांडण दोन शतकं बरोबरीत सुटलेलं आहे.

नैनिताल-मसुरीला पाहिलेला बांज हाच का? त्याचं लाकूड इथे मिळेल?

हाच. पान वरून गडद हिरवं आणि खालून पांढुरकं, वारा आला की सगळं झाड चंदेरी दिसतं. साधारण दीड ते सव्वादोन हजार मीटर उंचीवर त्याचं राज्य. त्याहून वर तिलौंज, आणि आणखी वर, जवळजवळ झाडांची हद्द संपते तिथपर्यंत, खरसू.

बांजच्या लाकडाचे दांडे, नांगर, सरपण, कोळसा, हे सगळं डोंगरातले लोक पिढ्यान्‌पिढ्या करत आले. पण तिथली बाई तुम्हाला आधी लाकूड सांगणार नाही, पाणी सांगेल. बांजच्या खाली पानांचा जाड, ओला थर साचतो, पावसाचं पाणी त्यात मुरतं, आणि गावचा झरा उन्हाळ्यातही वाहता राहतो. चीडच्या, म्हणजे तिकडच्या पाइनच्या, खाली मात्र वाळलेल्या सुयांचा गालिचा, जो एका काडीने पेटतो. हिवाळ्यात गवत संपलं की गुरांना बांजची पानं घालतात. वसंतातली कोवळी पानं मात्र जपून, त्यांत टॅनिन जास्त आणि गुरं खरोखर आजारी पडतात. बांजच्या पानांवर ओक टसर नावाच्या रेशमाचे किडेही पाळतात.

म्हणून तिथे बांज तोडण्यावर कडक बंधनं आहेत आणि असायलाच हवीत. इथे तो विकत मिळत नाही, आणि कुणी "डोंगरातून आणला" म्हणून देऊ लागला तर वाहतुकीचा परवाना मागा.

एक कबुली. मुक्तेश्वरकडे ओळखीच्या घरी गेलो होतो तेव्हा त्यांच्या सरपणाच्या ढिगातला बांजचा एक ओंडका मागून आणला. पटाशीवर मारायच्या मोगरीसाठी. डिसेंबरात घडवली, तासून, तेल लावून. अशी वजनदार, अशी गोड बसली हातात, की मिस्त्री लोकांना बोलावून दाखवली. मे महिन्यात एका दुपारी "टक्‌" असा आवाज आला. जवळ कुणी नव्हतं. मोगरी आपली आपणच मधोमध चिरली होती. दोन वर्षं सावलीत वाळवायला हवा होता तो ओंडका, टोकांना मेण लावून. मला माहीत होतं. धीर नव्हता.

मग जपानी लोक त्याचीच हत्यारं कशी करतात? त्यांची का तडकत नाहीत?

कारण त्यांना धीर आहे. जपानी रंध्याचा लाकडी ठोकळा शिराकाशी नावाच्या सदाहरित ओकचा करतात, आणि तो आधी वर्षानुवर्षं वाळवतात. हातोडीचे दांडे, सरावाच्या लाकडी तलवारी, सगळं शिराकाशी किंवा लालसर आकागाशीचं. दणका बसला की हे लाकूड तुटत नाही, धक्का पिऊन टाकतं. आपल्याकडे हातोड्याच्या दांड्याला बाभूळ वापरतात ती याच गुणासाठी, आणि माझ्या मते बाभूळ या कामात कुणापेक्षा कमी नाही.

ओकचा कोळसा खास असतो असं ऐकलं.

जपानचा बिंचोतान. वाकायामाकडच्या उबामेगाशी नावाच्या खुज्या, सदाहरित ओकचा. भट्टीत दिवसेंदिवस मंद जाळतात, शेवटी हवा देऊन उष्णता हजार अंशांपर्यंत नेतात, मग लाल निखारे बाहेर ओढून ओलसर राख-मातीखाली विझवतात. दोन कांड्या एकमेकांवर वाजवल्या तर काचेसारखा, धातूसारखा नाद येतो. धूर जवळजवळ नाही आणि आच एकसारखी, तासन्‌तास. भूमध्य भागात होम ओकचा कोळसाही असाच मानाचा.

आमच्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, बाफले (आमच्याकडच्या उकडून भाजलेल्या बाट्या) यावर कसे होतील? बाफल्यांना गोवऱ्याच हव्यात. काही गोष्टींत जपान्यांना आपल्याला काही शिकवण्यासारखं नाही.

कॉर्क ओकचं लाकूड कशाला वापरतात?

लाकूड कुणी फारसं विचारत नाही, कारण झाड उभं ठेवूनच कमाई होते. साल काढतात, झाड मरत नाही, साल पुन्हा येते. झाड पंचवीसेक वर्षांचं झाल्यावर पहिली साल, ती खडबडीत. त्यानंतर दर नऊ वर्षांनी. बाटलीच्या बुचाजोगी साल तिसऱ्या खेपेला मिळते, म्हणजे झाड चाळिशी ओलांडल्यावर. आजोबाने लावावं आणि नातवाने विकावं असा हिशेब. साल काढली की उघड्या खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवतात, म्हणजे पुढच्याला कळावं कधी हात लावायचा. जगातलं साधारण निम्मं कॉर्क पोर्तुगालमधून येतं.

आता इंदूरकरांच्या कामाचं. क्रिकेटच्या चेंडूचा गाभा कॉर्कचा, त्यावर लोकरीच्या धाग्याचे वेढे, वर चामडं. बॅडमिंटनच्या फुलाचं बूड कॉर्कचं, त्यात सोळा पिसं. कर्नल सी. के. नायडूंनी होळकरांच्या संघाकडून सीमापार भिरकावलेल्या चेंडूंच्या पोटातही सदाहरित ओकची सालच असणार. आणि शाळेत 'पेशी' शिकलात ना? रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली जी पहिली खोपटी पाहून 'सेल' शब्द वापरला, ती कॉर्कच्या चकतीतली होती.

वाइनची पिंपं सदाहरित ओकची असतात का?

नाही, पानगळीच्या ओकची. सरळ, लांब फळ्या लागतात.

शोरूममध्ये "ओक फिनिश" लिहिलेलं असतं. ते ओकच ना?

"फिनिश" हा शब्द आला की पाकीट खिशात ठेवा. बहुतेक वेळा तो लाकडाच्या भुश्याचा दाबलेला पाट असतो आणि वर ओकच्या फोटोचा छापील कागद. वाईट नाही, स्वस्त आणि टापटीप असतो, पण ओक नव्हे. तपासायचं कसं? टेबलाच्या फळीची आडवी कड बघा. खऱ्या लाकडात वरची रेघ कडेवरून खाली उतरते, कागदात कडेवर वेगळीच पट्टी चिकटवलेली असते. वरच्या नक्षीत तीच गाठ दोन फुटांवर पुन्हा दिसली तर ते छपाईचं काम, निसर्ग स्वतःची नक्कल करत नाही. खऱ्या ओकमध्ये रेघांना छेदणाऱ्या चमकदार चकत्या दिसतात, उजेडात तिरपं धरलं की आणखी.

मधला एक प्रकार असतो तो ओकचं विनियर: प्लायवर खऱ्या ओकचा पातळ पापुद्रा. तो खरा आहे आणि आमच्या हवेत मला ठोस ओकपेक्षा बरा वाटतो, कारण खालचं प्लाय त्याला हलू देत नाही. भिंतीच्या पॅनेलला, कपाटाच्या दाराला घ्या. जेवणाच्या टेबलाला नको. गरम कुकर ठेवणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतंच.

ओकवर काळे डाग पडले. पॉलिश खराब होतं का?

पॉलिशचा दोष नाही, खिळ्याचा आहे. ओकमधलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की निळसर काळा रंग तयार होतो. युरोपात शतकानुशतकं मायफळ आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाई करत, ती याच युक्तीवर. तुमच्या टेबलावर जो डाग आहे तो एका अर्थी शाईचाच डाग. ओकला पितळेचे नाहीतर स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावा, आणि ओल्या फळीवर लोखंडी शिकंजा दाबून ठेवू नका. डाग पडलाच तर ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने जातो. ते विषारी आहे, हातमोजे घाला, पोरांपासून दूर ठेवा.

हीच खोड उपयोगीही पडते. स्टीलच्या काथ्याचा तुकडा व्हिनेगरमध्ये चार दिवस ठेवा आणि ते पाणी ओकवर फिरवा, लाकूड डोळ्यांदेखत काळं होतं. ओककाकांच्या पाटीची अक्षरं मी अशीच काळी केली. रंगाचा थेंब नाही. बाभळीवरही होतं हे.

ओक घासताना नाकाला त्रास होतो, हे नेहमीचं आहे का?

हे हसण्यावारी नेऊ नका. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मान्य केलं आहे, आणि नाकाच्या कर्करोगाशी ओक-बीचसारख्या कठीण लाकडांच्या धुळीचा संबंध विशेष जवळचा आहे. तोंडाला गमछा बांधून भागत नाही. चांगला मास्क, धूळ ओढणारं यंत्र, आणि घासकाम उघड्यावर. आमच्या धंद्यात जुन्या लोकांना हे सांगितलं की ते म्हणतात, आम्ही चाळीस वर्षं करतोय. जे करू शकले नाहीत ते सांगायला येत नाहीत.

नैनितालहून बी आणलं आहे. इंदूरला लावू का?

लावा, पण लगेच. ओकचं बी वाळलं की मेलं, डब्यात ठेवून पुढच्या वर्षी लावू असं चालत नाही. खरसूचं बी तर पावसाळ्यात पिकतं आणि कधी कधी झाडावरच फुटायला लागतं. उगवेल, पण जगणं अवघड आहे. बांजला थंड डोंगर हवा, इंदूर साडेपाचशे मीटरवर आणि उन्हाळा चाळिशीच्या वर. होम ओकला हिवाळ्यात पाऊस आणि कोरडा उन्हाळा लागतो, आपलं ऋतुचक्र बरोबर उलटं. शिवाय आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि मुळं गुदमरतात. माझ्या मेहुण्याने कुंडीत तीन बिया लावल्या होत्या, तिन्ही उगवल्या, कौतुकाने फोटो आले. पुढच्या मे महिन्यानंतर फोटो येणं बंद झालं.

तुम्ही सदाहरित ओकचं काही करून देता का?

फर्निचर नाही. बाहेरून आलेल्या पानगळीच्या ओकचं छोटं काम करतो, पाट्या, फ्रेम, पेट्या. घराच्या चौकटी-दारांना आपल्या मध्य प्रदेशचाच साग घ्या. नर्मदापुरम (पूर्वीचं होशंगाबाद)-बैतूलच्या जंगलांतला साग सोडून परदेशी लाकडामागे धावायचं मला तरी कारण दिसत नाही.

निदान बघायला मिळेल का?

या की. कारखान्यात बांजची ती चिरलेली मोगरी आहे, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली लावलेली. जपानी रंधा आहे, त्याला हात लावायचा असेल तर मला विचारून. बिंचोतानच्या दोन कांड्या आहेत, वाजवून बघा. आणि वडिलांच्या कपाटात आजीच्या गुटीच्या डबीतलं एक मायफळ, इतकं घासलेलं की निम्मंच उरलंय. संध्याकाळी पाचनंतर या. रविवारी सकाळी कुणी भेटणार नाही, पोहे-जिलबी खायला गेलेलो असतो.